बेल दाबणाऱ्यास सर्व अटी मान्य

सोमवार, ४ मार्च
रविवारी बाबा हॉस्पिटलमधून घरी येणार. खुब्याचं ऑपरेशन झालंय, खाली किंवा बुटक्या जागी बसायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणून ऑनलाइन खुर्ची मागवली होती. बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणारी. आज आली. बसून पाहिलं. खाली गेली, वर येईना. शेवटी हिने हाताला धरून ओढून काढलं.

मंगळवार, ५ मार्च
कंपनीच्या चॅटवर तासभर भांडलो. समोरची बाई फार गोड बोलते आणि अजिबात बधत नाही. नंतर कळलं, ती बाई नाही, मशीन आहे. म्हणे एकदा बसून पाहिलेली खुर्ची परत घेत नाही, अट क्रमांक एकतीस, तुम्ही ‘मान्य आहे’वर टिक केलंय. न बसता खुर्ची बिघडलेली कळणार कशी?
तळमजल्यावरच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, टिक म्हणजे सहीच. अट अन्यायाची आहे खरी, पण तसं सिद्ध करायला कंपनीच्या गावी जायचं, कंपनीनेच नेमलेल्या पंचापुढे. त्यापेक्षा ग्राहक तक्रार कक्षात साधा अर्ज टाका.
अर्ज! मला सूड हवाय. अर्जाचं काम हिच्याकडे दिलं.
मी स्वतः विमा एजंट. मी बोट ठेवीन तिथे लोक एक अक्षर न वाचता सही करतात. पण तो विश्वास. ही लबाडी.

बुधवार, ६ मार्च
सुचलं. जशास तसं. दारावर बोर्ड लावला:
‘ही बेल दाबणारा व त्यास पाठवणारी कंपनी यांस खालील सर्व अटी मान्य आहेत असे समजले जाईल.’
खाली बारीक अक्षरात अटी. बिघडलेल्या मालाबद्दल कंपनीने घरी येऊन माफी मागावी. सर्व नुकसान बेल दाबणाऱ्याने भरून द्यावे. वाद झाल्यास निकाल आमच्या हॉलमध्ये, आम्ही नेमलेल्या पंचापुढे. पंच मी.
फोटो कंपनीला पाठवला. आता बसा बोंबलत.

शुक्रवार, ८ मार्च
दूधवाला दारावर थाप मारतो. शेजारच्या वहिनी खिडकीतून हाक मारतात. माझी ताई मात्र बेल दाबून आत आली. ही म्हणाली, घ्या, आता वन्संकडून माफी मागून घ्या. वकील बोर्ड वाचून इतके हसले की जिन्यावरच बसले. कायदेपंडिताची दाद आहे ही.

शनिवार, ९ मार्च
कंपनीचा मेसेज. उद्या नवी खुर्ची आणून देतो, जुनी घेऊन जातो. शरण आले! ही म्हणते, तिच्या अर्जामुळे. असेल बापडी. बायकोचं मन मोडू नये.
पण नुसत्या खुर्चीवर सोडायचं नाही. माणूस बेल दाबेल, करारात अडकेल, मग मी दार उघडीन. बेल वाजेपर्यंत कोणी कडीला हात लावायचा नाही, हिला बजावून ठेवलंय.

रविवार, १० मार्च, दुपार
माणूस आला. मी आतून दाराच्या भिंगाला डोळा लावून. त्याने खोकं खाली ठेवलं आणि बोर्ड वाचायला घेतला. बोट ठेवून, एकेक अट. बेलपर्यंत हात नेला, मागे घेतला. फोन केला. ही म्हणाली, उघडा हो दार. मी म्हटलं, दाबू दे आधी. तो खोकं उचलून चालू लागला. मी धावत खाली पोचेपर्यंत टेम्पो गेलेला.
वकिलांशी बोलून गेला म्हणे. मागे त्याने कुठल्याशा कागदावर न वाचता सही केली आणि पगार कापला गेला. तेव्हापासून वाचल्याशिवाय कशालाच हात लावत नाही.
मोबाइलवर मेसेज: ‘ग्राहकाच्या अटी अमान्य. माल परत. पुन्हा मागवण्यासाठी आमच्या नव्या अटी मान्य करा.’

संध्याकाळ
ताईने बाबांना आणलं. वॉकर धरून हॉलमध्ये उभे राहिले. सोफा बुटका, पलंग बुटका. मी म्हटलं, जरा थांबा, या वेळी अक्षर न् अक्षर वाचून त्यांना पकडतो. तिसऱ्या अटीवर होतो.
बाबा म्हणाले, “वाच तू सावकाश. मी उभा आहे.”
टिक केलं. खुर्ची गुरुवारी येणार. तोवर बाबा ताईकडे राहतील. वाईट वाटलं. तिच्याकडे एक उंच लाकडी खुर्ची आहे.