तीन मिनिटांना अकरा तास

सोमवार, ३ जून

नोकरी लागली एकदाची. ताई म्हणते, तुझ्यासारख्या तापट पोरीला दुकानात बसवणाऱ्याची कमाल आहे. लोक मोबाइलमधले व्हिडिओ आणतात, आम्ही ते टीव्हीवर लावता येतील असे डीव्हीडीवर उतरवून देतो. दुकान म्हणजे एक खोली, दोन संगणक, कोऱ्या डिस्कचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगती खुर्ची. मालक मिश्कील आहेत. डाव्या हाताला दोन बोटं कमी, म्हणून लांबून चहा सांगताना तीनच कप येतात म्हणे.

एवढा वेळ का लागतो, असं विचारलं तर खूश होऊन सांगत बसले. संगणक एकेक चित्र उघडतो, सेकंदाला पंचवीस. मागच्या चित्राशी ताडून बघतो आणि जेवढं हललं तेवढंच नव्याने लिहितो. तेही दोन फेऱ्यांत: पहिलीत नुसतं बघायचं, दुसरीत लिहायचं. म्हणून नाचणाऱ्याला जास्त वेळ, बसलेल्याला कमी. घरी ताईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, घड्याळासाठी खिळा कधी ठोकतेस ते सांग, हातोडी काढून ठेवलीय.

मंगळवार, ४ जून

दुकानाचा एक नियम कळला. फाईल जेवढ्या मिनिटांची, त्याच्या दसपटीवर वेळ दिसायला लागला की काम तिथेच बंद करायचं आणि फाईल खराब आहे सांगून परत द्यायची. कारण विचारलं तर मालकांनी विषय बदलला.

एक म्हातारे शिंपी आले. वीस मिनिटांची फाईल. बायको खुर्चीत बसून स्वेटर विणतेय, चित्रण यांनीच केलेलं. तिला मोबाइलवर बारीक दिसत नाही, टीव्हीवर दाखवायचंय. सुया सोडल्या तर त्यात काही हलत नाही, तरी पडद्यावर सहा तास दिसले. मालकांनी बंद केलं. शिंपीकाकांचा चेहरा एवढासा झाला. मला मालकांचा मनस्वी राग आला. काकांना उद्या या म्हणून हळूच सांगितलं.

बुधवार, ५ जून

मालक दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे. शिंपीकाकांची फाईल दहाला लावली, चारला पूर्ण. काका डिस्क घेऊन गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यांच्यामागे रांगेत माझीही एक फाईल लावून ठेवली. तीन मिनिटांची. ताई मटार सोलतेय आणि माझा उद्धार करतेय. डिस्क करून तिला दाखवीन, हसेल.

गुरुवार, ६ जून

सकाळी आले तर माझी डिस्क तयार होती. तीन मिनिटांना अकरा तास लागले. मटार सोलण्यात एवढं काय हललं?

दुपारी पोलीस आले. शिंपीकाकांनी काल संध्याकाळी बायकोला कापड कापायच्या मोठ्या कात्रीने मारून टाकलं. सतरा वार. चाळीस वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, असं शेजारी सांगतात.

पोलीस गेल्यावर दुकानातली प्रत लावली. ती विणतेय. मग चित्र जरा डुगडुगतं, कुणीतरी मोबाइल टेबलावर टेकवतं. काका चौकटीत येतात. पहिला वार मानेत. लोकर लाल होत जाते. तिचे हात मात्र विणतच राहतात, बराच वेळ. मूळ फाईलमध्ये यातलं काही नाही.

मालकांना सगळं सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी तो नियम कशासाठी ते सांगितलं. त्यांचा व्हिडिओ त्यांच्या भावाने काढला होता, आणि घाव घालायलाही तोच आला. नव्वद टक्क्यांवर त्यांनी वायर उपटली, म्हणून दोन बोटांवर भागलं. अर्धवट राहिलं तर थोडंच होतं, म्हणाले. मग विचारलं, तुझी किती झाली?

शंभर.

शुक्रवार, ७ जून

माझी डिस्क पाहिली. ताई बोलतेय. मोबाइल फळीवर टेकतो. माझी राखाडी बाही. हातातली हातोडी. ती वर बघते आणि हसते, तिला वाटतं मी खिळा ठोकायला आलेय. पहिला घाव कपाळावर. मटार जमिनीभर. मी थांबत नाही. तिचा चेहरा राहत नाही, तरी मी थांबत नाही.

डिस्क मोडली. फाईल पुसली. ताई घरी नसताना हातोडी उचलून आणली, नदीत टाकली. मालकांनी संगणक फोडला, पण काही उपयोग नाही, झालेलं झालं, असंही तेच म्हणाले.

ताईवर माझा जीव आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता मी घरी जाणार नाही.

शनिवार, ८ जून, सकाळी

दुकानातच राहिले. ताईला फोनवर सांगितलं, येऊ नकोस. का, ते सांगता आलं नाही. आवाज ऐकूनच डोकं भणभणलं – तिच्यावर कसला राग? काहीच कारण नाही. माऊस आपटून फोडला.

शनिवार, अकरा वाजता

आलीच. डबा घेऊन. मालक दारात आडवे उभे आहेत. मी आत, कडी लावून. ती बाहेरून समजावतेय – नोकरीचा ताण घेऊ नको म्हणे –

मालकांच्या पायांमधून, दाराखालच्या रुंद फटीतून तिने एक पिशवी सरकवली. तुझी हातोडी कुठे गेली देव जाणे, नवी आणलीय, म्हणतेय. राग गेला की घरी ये, खिळा ठोकू.

पिशवीला हात लावणार नाही

सव्वाअकरा

डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात ती आहे. कधी उचलली ते –

ताईने मालकांना बाजूला सारलं. ताई हसतेय. कडी मी काढलेली नाही – नाही, काढली

ताई, पळ. वर बघू नकोस, हसू न