चार बोटांचा इसार

…आणि जानराव दलालाने रुमालाखाली माझी बोटे सोडली, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि "जमलं!" म्हणून ओरडला. सरकीच्या पोत्यांवर बसलेल्या मंडळींनी मला रामराम घातला. सौदा झाला होता. कशाचा झाला, ते मला तिसऱ्या दिवशी कळले.

(राजश्री भगवंतराव यांस अकोटाहून खुशालरावाचा रामराम. माघ वद्य पंचमी, शके सतराशे पंच्याऐंशी. हे सगळे वर लिहायचे असते, ठाऊक आहे. पण तीन आठवडे डोके तापले आहे, लेखणी उचलली की रुमालच आधी येतो. तरी रामराम इथे धरावा. तुमचा गुडघा कसा आहे? कौशल्याबाईंचा खोकला गेला का? अमरावतीत राजापेठेतल्या विहिरीला पाणी टिकले का? इकडे सर्व क्षेम. तुमची बहीण पार्वताही बरी आहे, म्हणजे बोलते आहे.)

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई जाताना म्हणाल्या, माझी तुळशीची माळ द्वारकेच्या समुद्रात सोडा. तुम्ही उशाशी होता, पार्वता पायाशी. सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता, आपणही नाही, आणि तेव्हा कापसाला भावही नव्हता, म्हणून आपण सगळ्यांनी हो म्हटले. माळ तीन वर्षे आमच्या देवघरात आहे. आता तिकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढतो आहे म्हणे, म्हणून आमचा कापूस चांदीसारखा जातो. (दुसऱ्याच्या घरचे भांडण आपल्याला लाभले. स्वतःच्या घरचे कोणाला लाभते, पाहत आहे.) पार्वता म्हणाली, यंदा माळ पोहोचवा. मी हो म्हटले. आता सबब उरली नव्हती.

जानराव अकोल्याचा. कापसाची दलाली करतो, आणि यंदापासून मुंबईच्या कुठल्याशा आगबोट कंपनीच्या जागाही विकतो. बैलगाडीने भुसावळ, तिथून आगगाडीने मुंबई, पुढे आगबोटीने द्वारका. सौद्याच्या आधीच्या सोमवारी तो माल पाहायला आमच्या घरी आला होता. बोंडे पाहिली, पडवीत जेवला. पार्वताने त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या. मी त्यात काही पाहिले नाही.

बाजारात कापूस विकून झाला, आणि त्याच रुमालाखाली आम्ही बोटीचेही उरकले. तिथेच माझी अक्कल गेली. तुम्हाला रुमाल समजावून सांगायला नको, पण रागात सगळेच सांगावेसे वाटते: वर कापड, खाली हातात हात, जितकी बोटे दाबावी तितका आकडा, तोंडाने चकार शब्द नाही. किती माणसे, असे त्याने डोळ्यांनी विचारले. मी दोन बोटे दाबली. इसार कापसाच्या पैशांतूनच कापला गेला, आणि तिसऱ्या दिवशी पावती आली ती चार माणसांची.

मी अकोल्याला गेलो. तो म्हणाला, "पाटील, तुमी चार दाबले." मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, चार. रुमालाखाली साक्षीदार नसतो, भगवंतराव. तीस वर्षे याच बोटांवर मी कापूस विकला, कधी एका बोटाची चूक झाली नाही, आणि बोटीच्या वेळी नेमकी बोटांनी दगा दिला. घरी येऊन सांगितले तर पार्वता चुलीपासून न उठता म्हणाली, "साऱ्या गावाचा कापूस मोजता, अन् घरचे दोन मानसं मोजता नाई आले?"

बरे, चार तर चार, दोन जागांचा इसार परत घेऊ, असे मला वाटले. मी आजवर इसार घेत आलो, दिला कधी नव्हता. कापसात इसार देणारा शेतात येतो, झाड पाहतो, बोंड दाबून पाहतो. इथे दाबून पाहायला माझ्याच बोटांखेरीज काही नव्हते. मी विचारले, "बोट कोनती?"

"ठरनार हाये."

"सुटन कधी?"

"पानीपाऊस पाहून."

"मंग म्या इसार कायचा देल्ला?"

"मनात आनल्याचा," जानराव म्हणाला.

मनात आणल्याचा इसार! तीन वर्षे ही माळ आम्ही फुकट मनात आणत होतो.

पावतीच्या पाठीवर त्याने मोडीत नियम लिहिले आहेत. मी ते इतक्या वेळा वाचले की झोपेत म्हणतो, असे पार्वता सांगते. इसार परत मिळत नाही. (बोट बुडाली तर, असे मी विचारले. म्हणाला, "मंग तुमी मांगाले कुठून येता?") परत मिळत नाही, पण पुढे ढकलता येतो, तोही एकदाच, आणि एका वर्षाच्या आतच. भाडे वाढले तर वाढीव आपण द्यायचे. उतरले तर उतरलेले कंपनीचे. जो लवकर नावे देईल त्याला बोटीवर रोज एक घागर गोडे पाणी जास्त. (समुद्रावर पाण्याची वानवा असते, ही मला नवी बातमी.) एकदा घातलेले नाव बदलत नाही. आणि शेवटचा नियम, ज्याने मी हैराण झालो: चारही नावे होळीच्या आत कंपनीकडे गेली पाहिजेत. एक जरी कमी पडले तरी चारही जागा गेल्या. म्हणजे दोन माणसे मिळाली नाहीत तर माळ पुन्हा देवघरात, आणि तुमची बहीण पुन्हा माझ्याकडे पाहणार.

माणसे शोधली. चुलतभाऊ किसनराव लगेच तयार झाला. पण तो बैलगाडीत बसला की अकोल्यापर्यंत तीनदा ओकतो, आणि बोट त्याहून हलते असे ऐकतो. मोरोपंत भटजींना विचारले. ते म्हणाले, समुद्र ओलांडल्याने धर्म जातो, पण किनारा डोळ्यांना दिसत असेल तर जात नाही. तेव्हा किनारा सतत दिसेल असा नियम कंपनीकडून लिहून आणा. मी जानरावाला सांगितले. तो म्हणाला, विचारतो. मला वाटते, तो खरेच विचारील.

असे सगळे आहे. बाकी गावात विशेष नाही. पेंढी महाग, गडी महाग, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, आणि ज्याच्याकडे कालपर्यंत धड धोतर नव्हते तो बैलांच्या शिंगांना पितळ बसवतो आहे. कौशल्याबाईंस रामराम. लोभ आहेच, तो वाढला तर हरकत नाही.

खुशालराव

ता. क. तुम्ही दोघे याल का? सगळे पत्र याचसाठी लिहिले. माळ तुमच्याही आईची आहे. पार्वताला मी विचारलेले नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही अहेराला पाठवलेले विलायती लुगडे पहिल्याच धुण्यात सगळा लाल रंग नदीला देऊन आले, तेव्हापासून ती माहेरचे नाव काढत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आपण होऊन आलात असे दाखवावे. लुगड्याचा विषय बोटीवर काढू नये. तिथे उतरायला जागा नसते.

ता. क. दुसरा. वरचे कालचे. आज सकाळी जानराव अमरावतीच्या बाजाराला जाताना आमच्याकडे थांबला. त्याच्याकडे कंपनीचा छापील कागद होता, चार नावांचा. माझे, पार्वताचे, तुमचे, कौशल्याबाईंचे. नावे कोणी दिली, असे मी विचारले. तो भाकर खात होता. त्याने मानेने चुलीकडे दाखवले. भाकरी जास्त वाढल्या त्या सोमवारीच पार्वताने चारही नावे दिली होती. मी दोनच बोटे दाबली होती. हे तुम्ही लक्षात ठेवावे, दुसरे कोणी ठेवणार नाही.

मी म्हणालो, मग आता पत्र कशाला धाडायचे. पार्वता म्हणाली, "धाडा. नाव म्या घातलं, पन बोलावनं तुमच्याच घरून जाले पायजे."

पत्र जानरावाबरोबर दिले आहे. ज्या फडक्यात गुंडाळले आहे ते तिनेच लुगड्यातून फाडून दिले. रंगावरून ओळखू येणार नाही, काठ पाहावा.