पाल्याचा लाल रंग

जबलपूर,
१८ नोव्हेंबर २००९

चि. सौ. अनसूयास,
अंबादासचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंचा गुडघा कसा आहे? इकडे थंडी पडली. तुझ्या वहिनीने मुगाच्या वड्या घातल्या आहेत; वर्ध्याला कुणी येणारं मिळालं की पाठवतो.

काल जेलमध्ये तुझ्या चंद्रशेखरला भेटलो. स्वेटर दिला. दहा वर्षांची शिक्षा ऐकल्यापासून तू जेवत नाहीस, हे मी त्याला सांगितलं नाही.

वड्यांचंच लिहीत बसलो तर हे पत्र असंच संपेल. त्याच्या बरगीच्या शेताच्या बांधावर आपोआप उगवलेली ती भांगेची झुडपं पोलिसांनी मातीमुळांसकट उपटली, बावीस किलो भरली; विसाच्या वर गेलं की दहा वर्षं. त्यातलं तपासणीचं पाकीट आमच्या सरकारी प्रयोगशाळेत माझ्याच टेबलावर आलं होतं. आमच्याकडे नाव येत नाही, नंबर येतो. कायद्याने गांजा म्हणजे फुलांचे शेंडे. नुसता पाला नव्हे. पण नशेचा अंश दोन्हींत असतो, म्हणून औषध टाकलं की दोन्ही लाल होतात. यासाठी नमुना आधी ट्रेमध्ये पसरायचा, फुलं-पानं निवडून लिहायची, मग दळायचा. त्या महिन्यात पाकिटं तुंबली होती. मी सरळ दळला. रंग लाल आला, मशीननेही अंश दाखवला. 'गांजा' लिहून सही केली.

दळण्याआधी मी पाहिलं होतं. एकही फूल नव्हतं.

समन्सवर त्याचं नाव वाचलं तरी मी कुणाजवळ बोललो नाही. कोर्टात वकिलाने विचारलं, "नमूने में फूल थे?" मी म्हणालो, "याद नहीं." डिसेंबरात रिटायर होतो आहे, जुने सगळे रिपोर्ट उकरले जातील, अशी भीती वाटली. पोलीस बाहेर नेताना चंद्रशेखर म्हणाला, "मामा, पत्तेच तर होते ना. तुम्ही काहून नाही सांगितलं?"

आठ दिवसांनी भाऊबीज होती. तू ओवाळताना विचारलंस, "भाऊ, पोरगा सुटेल ना?" मी "बघू" म्हणून ताटात साडी ठेवली. मला माझीच शिसारी येते.

आता भुकटीत पान कुठलं, फूल कुठलं, मलाही सांगता येणार नाही. पोलिसांकडचं दुसरं पाकीट ओलंच पॉलिथिनमध्ये बांधलेलं. बुरशी लागून त्याचा काळा गोळा झाला आहे.

हे पत्र वकिलाला दाखव. मामाने भाच्यासाठी लिहिलं असंच म्हणतील. उपयोग होईलसं वाटत नाही. तरी रिपोर्टवर करतो तीच पूर्ण सही करतो आहे. 'तुझा भाऊ' लिहायला हात धजला नाही.

अंबादास विठोबा ठवरे