मूठभर कोसरी

मास्तर, तुमच्यावरचा राग अजून गेला नाही. तुम्ही तापानं गेलात तेव्हा मी सिरोंचाकडं लाकडाच्या गाड्यांमागं हिंडत होतो, म्हणून भांडायचं राहून गेलं. आता लिहून भांडतो.

चांद्याच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात. सातवीत मला वर्गाबाहेर काढलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "तुह्या पायात भिंगरी आहे अन् डोक्यात भुसा." पुढं मला गोंडी येते हे कळल्यावर त्याच भिंगरीला घेऊन जंगलात शिरलात. जुनी घोंगडी, पडशा, विणलेल्या थैल्या जमवायचा नाद तुमचा. कुणाच्याही घरात गेलात की आधी आढ्याकडं बघायचात, माणसाकडं नाही. बल्लारपूरच्या स्टेशनावर एकदा मला भजी खाऊ घातलीत, तेवढं मात्र... जाऊ द्या, त्यानं राग कमी होत नाही.

अहेरीजवळचं ते गाव. चुलीवर टांगलेली अंबाडीच्या सुताची थैली, धुरानं काळी पडलेली, काठाला लाल वीण. घरच्या म्हातारीच्या सासूनं विणलेली. तिच्यात कोसरीचं, तिकडच्या बारीक भरडधान्याचं, बियाणं राहायचं.

"विचार तिले, देते का?" तुम्ही म्हणालात. मी विचारलं. म्हातारीनं थैली उतरवली, बियाणं टोपलीत ओतलं, मग मूठभर कोसरी परत थैलीत टाकून तुमच्या हाती दिली. तुम्ही दारातच ती उलटी करून झटकलीत. "किडे होतीन यात." कोंबड्या धावल्या. म्हातारी बघतच राहिली. तुम्ही तिला गिरणीचं नवं ब्लँकेट देऊन मोकळे झालात.

पेरणीच्या तोंडावर ती शाळेच्या फाटकाशी उभी. ब्लँकेट घडीसकट परत आणलेलं, बोलणं मोडक्यातोडक्या मराठीत.

"थैली दे ना भाऊ. तिच्याबिगर बीज वावरात नेत नाई आमी."

"दिली होती ना? आता काऊन मांगते?" असं म्हणून तुम्ही शिपायाकरवी तिला हाकललंत. आत काचेच्या कपाटात थैली टांगलेली, खाली तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: 'उपयोग: शोभेसाठी.' मी फाटकातच होतो. म्हातारी जाताना तुमच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

इथवर सगळं तुमच्या माथी मारून झालं. पण थैली झटकण्याआधी तुम्ही मला विचारलं होतंत, "हे दाणे काऊन टाकले हिनं?" त्या मुलखात मी दोन पावसाळे काढले होते. उसनी दिलेली वस्तू तिथं रिकामी देत नाहीत, दाणे आत असले म्हणजे ती परत यायची, हे मला ठाऊक होतं. पण बाजारात कोंबड्यांची झुंज लागणार होती आणि माझा जीव तिकडं. मी म्हणालो, "असंच. देऊन टाकली तिनं."

तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र टाकत नाही, असं शेवटी लिहिणार होतो. म्हातारीचं घर मला माहीत आहे. तिथंही मी गेलेलो नाही.