दगडातला जीव आणि मी

३ मार्च
वाळवंटाच्या मोहिमेत आमच्या प्रयोगशाळेला एकच जागा. तिथल्या दगडांत सूक्ष्मजीवांच्या खुणा शोधायच्या. यंत्र हातात मावतं. दगडावर लेझर मारायचा, पडद्यावर आलेख उमटतो, त्यातल्या टोकांवरून आत काय आहे ते कळतं. उमेदवार दोन : मी आणि चष्मेवाली. ती परवा परवा नोकरीला लागलेली. आमच्या प्रमुख मॅडमनी दोघांना सारखेच पाच दगड दिलेत. जीव कशात आहे ते सांगायचं. बायकोला म्हटलं, मोठी बॅग काढ. म्हणाली, "अहो, आधी निवड तर होऊ द्या." दूरदृष्टी नाही.

४ मार्च
यंत्राची पुस्तिका मिळाली. जाडजूड आहे. ड्रॉवरमध्ये ठेवली. पुस्तिका नवशिक्यांसाठी असते.

६ मार्च, सकाळ
चार नंबरच्या दगडाला कडेला हिरवट रेघ. मळ. पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन लख्ख केला. चष्मेवाली दारातून म्हणाली, "सर, घासताय?" काही लोकांना स्वच्छतेचं वावडंच असतं.

७ मार्च
सापडला!! दोन नंबरमध्ये जीव. सुईसारखी टोकं.
दुपारी : एक, तीन, पाचमध्येही. चारमध्येसुद्धा. घासल्यामुळेच उघडा पडला असणार.
संध्याकाळी : सहज टेबलावर यंत्र धरलं. तीच टोकं. बरोबरच आहे, टेबल लाकडाचं. मग स्टीलच्या ग्लासवर धरलं. तिथेही. आमच्याकडे ग्लास नीट धुतच नाहीत.
चष्मेवाली दिवे मालवून, काळं कापड पांघरून काम करत बसते. डोळे जातील पोरीचे. जाऊन दिवा लावून आलो. कोणीतरी काळजी करायला हवी.

१० मार्च
सगळ्यांसमोर ठासून सांगितलं : पाचही दगडांत जीव आहे. मॅडमनी आलेख पाहिला, मग छताकडे पाहिलं. म्हणाल्या, "ही टोकं ट्यूबलाइटची आहेत." खोलीतला उजेडही यंत्रात शिरतो म्हणे. मी म्हटलं, मग हा यंत्राचा दोष.
जीव फक्त चार नंबरात निघाला. चष्मेवालीच्या चार नंबरात. "तुमच्या दगडातही होता," मॅडम म्हणाल्या. 'होता' जरा जोरात म्हणाल्या. ती हिरवी रेघ म्हणजेच ते जीव. उन्हातान्हात दगडाच्या पोटात तग धरून राहिलेले. माझ्या हातून मात्र सुटले नाहीत.
रात्री जेवण गेलं नाही. बायको काही न बोलता शेजारी बसून राहिली. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

१७ मार्च
चष्मेवाली मोहिमेला निघाली. निरोप घेताना म्हणाली, "सर, तुम्ही तिथे असता तर..." पुढे तिला बोलवेना. गळा दाटून आला असावा. तोंडावर रुमाल धरून गेली.

२० मार्च
अखेर कदर झाली. नव्या भरतीसमोर माझं व्याख्यान. विषय मॅडमनीच सुचवला : 'नमुना कसा हाताळू नये'. या विषयात तुमच्या तोडीचं इथे कोणी नाही, म्हणाल्या. तत्काळ होकार दिला. प्रात्यक्षिक मात्र दाखवायचं नाही, असं बजावलंय.