कोरड्या आडात सोडलेलं पाणी

मलकापूर, ता. कराड
६ सप्टेंबर २०२४

ती. आप्पादादास,
सा. न. वि. वि.

गुंडाच्या लेकीची, सोनियाची, कावीळ खराब पाण्यातूनच आली आहे, असं काल इथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गुंडाच्या बोअरचं पाणी तपासायला दिलं होतं, त्याचाही निकाल आला. पाण्यात मैला आहे. डॉक्टरांनी गुंडाला आणि मला समोर बसवून हे सगळं समजावलं. एरवी अशी कावीळ पथ्यावर उतरते, पण आठव्या महिन्यातल्या बाईला ती फार वाईट. आईची खात्री देता येत नाही आणि बाळाचीही नाही, असं ते म्हणाले.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि रेंज गेली म्हणतोस. पलटणीत असताना मात्र माझ्या पत्राला उशीर झाला तर तूच रागवायचास. म्हणून लिहायला बसले.

गेल्या दिवाळीत तू मला घराभोवती फिरवलंस. गच्चीवरचा सूर्यबंब, ओल्या कचऱ्याच्या खताची पिंपं, परसातले भाजीचे वाफे, आणि शेवटी संडास-मोरीचा पाइप जिथं सोडलास तो बापूंचा जुना आड. सगळ्या गल्लीची गटारं उघडी वाहतात आणि माझ्या घराचा एक थेंब रस्त्यावर येत नाही, असं तू म्हणालास. मीही कौतुक केलं. लहानपणी त्या आडात दगड टाकला की ठण् वाजायचा. त्यात कधी पाणी येईल असं आपल्या शिवारात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण दादा, आता कालवा आलाय. कृष्णेचं पाणी इथून उचलून तुमच्याकडे नेलं, विहिरी भरल्या, गुंडाच्या बोअरला पाणी लागलं. मग आड तेवढा कोरडा कसा राहील? आणि तुझा आड नि गुंडाचा बोअर यांच्या मधे आहे काय, एक शेराचं कुंपण.

टँकरच्या दिवसांत आपल्याकडच्या पोरी पहिल्या बाळंतपणालाही माहेरी येत नसत. माझं इथंच झालं. आईनं पाण्याचं कारण सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मारलेला टोमणा मला अजून पाठ आहे. सोनियाच्या सासरचेही बाळंतपण कराडलाच करू म्हणत होते. आता आमच्या दारात पाणी हाय, असं म्हणून गुंडानं हट्टानं तिला नेलं.

पाइप आडात सोडलाय हे तुला, वहिनींना आणि मला ठाऊक. गुंडाला वाटतं तुझ्या अंगणाखाली टाकी आहे. आजच्या आज तो पाइप तोड आणि गुंडाला तू स्वतः सांग. माझ्याकडून कळलं तर त्याचं भांडण होईल.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
दीपमाला


आटपाडी
१० सप्टेंबर २०२४

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोनियाचं वाचून त्या दिवशी घास उतरला नाही. यंदा गणपती शाडूचा बसवला, पण आरतीतही लक्ष नाही.

तू मात्र कराडला राहून लय शहाणी झालीस. गुंडाच्या दारात मेंढरांचा वाडा आहे. पावसात तिथं लेंड्यांचा चिखल होतो, त्यातूनच त्याच्या बायका-पोरी पाणी भरतात. तो चिखल तुला दिसला नाही आणि माझा झाकलेला आड दिसला. डॉक्टर मैला म्हणाले ना? माणसाचा की मेंढराचा, ते विचारलंस का?

पलटणीत साहेब पांढरे हातमोजे घालून बराक तपासायला यायचे. खाटेखाली बोट फिरवलं आणि काळं झालं की सगळ्या तुकडीला शिक्षा. त्या शिस्तीनं मी हे घर ठेवलंय. प्लास्टिक नाही, फवारा नाही, फिनेल नाही. तुझी वहिनी म्हणते की पाव्हणेसुद्धा चप्पल कुठं काढू म्हणून घाबरतात. घाबरू देत. तालुक्यात पर्यावरणपूरक घर म्हणून माझं नाव पुढं गेलंय. गणपती उठले की समिती बघायला येणार. अशा वेळी अंगण उकरून पाइप बाहेर काढला तर त्यांना काय सांगू? आणि गावाला काय सांगू?

समिती येऊन गेली की पक्की टाकी बांधतो. माझा शब्द आहे. तोवर गुंडाशी या विषयावर बोलू नकोस. त्याला पाणी उकळून प्यायचा निरोप मी दिलाय, आणि मेंढरांची घाण दारातून हलव असंही सांगितलंय. वडील भाऊ म्हणून यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

सोनियाच्या तब्येतीचं कळवत जा. तुझ्या घरी सर्वांना आशीर्वाद, आणि आमच्यावर विश्वास ठेव.

तुझा
आप्पादादा


मलकापूर
२० सप्टेंबर २०२४

ती. दादास,
नमस्कार.

सोनियाचं बाळ गेलं. मुलगी होती. सोनिया वाचेल, असं डॉक्टर आज सकाळी प्रथमच म्हणाले.

माणसाचा की मेंढराचा, असं तू विचारलं होतंस. मी विचारलं. ही कावीळ इथं माणसाकडूनच माणसाला होते, असं डॉक्टर म्हणाले. आषाढात तुझा वीरधवल पुण्याहून डोळे पिवळे करून घरी आला होता आणि तुझ्या घरच्या ताकावर बरा झाला, हे तूच मला फोनवर फुशारकीनं सांगितलं होतंस. तो बरा होईपर्यंत तुझाच संडास वापरत होता ना?

सोनियाच्या सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की आमच्या नळाला बारीक का होईना, पाणी येत होतं, तेच बरं होतं. जावई राजवर्धन त्यांना गप्प बसा म्हणाला, पण स्वतः गुंडाकडं बघेना. आणि गुंडा काय करतोय माहीत आहे? येईल त्याला तुझं कौतुक सांगतोय. दादाला आधीच कळलं होतं, दादानं पाणी उकळून प्या म्हणून निरोप धाडला, दादाला आमची काळजी. तुझा निरोप गेला तेव्हा सोनिया इथं खाटेवर पडून होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. पोरीला आपल्या मेंढरांनी मारलं असतं, असं म्हणत त्यानं सगळी मेंढरं विकून टाकली. बापूंच्या बापापासून चालत आलेला वाडा रिकामा झाला, तुझ्या एका वाक्यावर.

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडून तुझं कौतुक ऐकत त्याच्यापुढं चहा ठेवायचा, हे काम तू मला लावलंस.

आडाचं झाकण काढ, आत एक दगड टाक आणि ऐक. बाकी माझं काही मागणं नाही.

दीपमाला


आटपाडी
३० सप्टेंबर २०२४

सौ. दीपमाला वन्सं यांस,
रंगुबाईचा नमस्कार.

तुमच्या दादांचं घर तालुक्यात पयलं आलं. परवा नगरपंचायतीचे सायब घरी येऊन सांगून गेले. घट बसल्यावर जो रविवार येतोय, त्या दिवशी दाराला पाटी लावायला पाव्हणे येणार हायत.

मला पत्र लिहायची सवय न्हाई. चुकलं माकलं पोटात घाला.

तुमचं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांनी आडाचं झाकण सरकवलं आणि दगड टाकला. मी मोरीत भांडी घासत व्हते. ठण् वाजलं न्हाई. डुबुक वाजलं. मला वाटलं, आता टिकाव घेतील. त्यांनी झाकण लावलं, त्यावर तुळशीच्या कुंड्या मांडल्या आणि हात धुऊन जेवायला बसले. समितीतल्या एका बाईनं त्या कुंड्यांचा फोटू काढला.

मी म्हणलं, आवं, निदान आता तरी गुंडाभावजींना सांगा. तर म्हणले, टाकी बांधून पोर परत येणार हाय का? समिती जाऊन आठवडा झाला. टाकीचं नाव न्हाई.

मग मीच गेले भावजींकडं. सोनियाला सासरच्यांनी दवाखान्यातनं परस्पर नेलं, ते तुमाला ठावं हायच. साळूबाई दारात वाकळ शिवत बसली व्हती. नातवंडासाठी घातलेली, अर्धीच झालेली. आता ती कुणासाठी पुरी करतीस, असं जावेला इचारायचं मला धाडस झालं न्हाई. मी समदं सांगितलं. पाइप, आड, वीरधवलची कावीळ, आडाचा आवाज. साळूबाईनं सुई खाली ठेवली आणि उठून आत गेली. भावजी कुऱ्हाड घेऊन येतील असं मला वाटलं व्हतं. त्यांनी एवढंच इचारलं की, वैनी, दादा कुठलं पाणी पितो? मी सांगितलं, चौकातल्या फिल्टरचं. बाटली नको म्हणून स्टीलच्या कळशीतनं आणत्यात. ते बरं, म्हणले, आणि उठून रिकाम्या वाड्यात जाऊन बसले.

काल भावजी आमच्या दारात आले. धुतलेला सदरा, डोईला फेटा. ह्यांच्या पाया पडले आणि म्हणले, रविवारी पाव्हण्यांना गूळ-पाणी द्यायचा मान मला दे, धाकटा भाऊ हाय मी. ह्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच व्हय म्हणले. भावजी गेल्यावर मला म्हणतात, बघितलंस, दीपमालानं कागदावर किती आग ओकली, पण रक्ताचं माणूस ते रक्ताचं.

भावजी मात्र फाटकापाशी मला वेगळंच सांगून गेले. पाव्हण्यांना ते फिल्टरचंच पाणी देणार हायत, परक्याच्या जिवाशी त्यांचं वैर न्हाई. एक तांब्या तेवढा आपल्या बोअरवर भरून आणणार. पयला पेला त्यातला, ह्यांच्या हातात, समद्यांच्या म्होरं. आणि देताना पाणी कुठलं हाय आणि त्यात कुणाच्या घराचं काय मिसळलंय, ते मोठ्यानं सांगणार. पिऊ दे न्हाईतर खाली ठेवू दे, दोन्ही लोक बघतील, असं म्हणले.

मी ह्यांना सांगितलेलं न्हाई आणि सांगणारही न्हाई. घटाची भांडी घासायला काढलीत, त्यात आपला तांब्याही चिंच लावून लखलखीत केलाय. भावजींचा पोचे आलेला व्हता, म्हणून हा त्यांच्याकडं धाडून दिला.

पाव्हणे दहाच्या सुमाराला येतील. तुमाला यायचं असंल तर पयल्या एस.टी.नं निघा. लोभ व्हता तसा ऱ्हाऊ द्या, निदान माझ्यावर.

तुमची वैनी
रंगुबाई