तेरा तासांचं अंतर

धाकट्या,

फोनवर सांगवेना, म्हणून लिहून ठेवते. तू विमानात असतानाच बाबा गेले. मी हॉस्पिटलात कागदपत्रं करतेय. चहा गाळून ठेवलाय, तो पोटात ढकल आणि मगच ये.

तू परदेशी गेलास त्या दिवशी त्यांनी दारामागे खडूने लिहिलेलं अजून आहे बघ: अकरा हजार किलोमीटर, विमानाने तेरा तास. जन्मभर बस चालवलेला माणूस, काल दर तासाला विचारत होता, "कुठवर आला?" नवव्या तासाला मला बघवेना. म्हटलं, "पोचला बाबा, घरी आलाय."

डोळे मिटून म्हणाले, "दमला असेल. झोपू दे त्याला."

खरं सांगितलं असतं तर थांबले असते का, ते मला विचारू नकोस.

ताई